गावच्या यादीतले नाव जगाला का सापडावे?

पेण तालुक्यातल्या जोहे गावात मोबाइल नंबर लपवून धंदा होत नाही. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे हा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. घराला लागून शेड, आत ओळीने मांडलेल्या कच्च्या मूर्ती आणि दर्शनी बाजूला कारखान्याचे नाव व मोबाइल नंबर लिहिलेला फलक. हाच मजकूर आता गूगलच्या नकाशावर आणि व्यापारी याद्यांमध्येही असतो. परदेशातल्या मराठी मंडळांच्या मूर्ती गणेशचतुर्थीच्या कित्येक महिने आधी रवाना होतात. त्यांची ऑर्डर देणाऱ्याला कारखानदार सापडलाच पाहिजे. ही माहिती कारखानदाराने स्वतः दिलेली असते. नंबर बदलला तर तो ती दुरुस्त करतो, धंदा बंद केला तर काढून टाकतो.

पण याच माणसाची दुसरीही माहिती इंटरनेटवर असू शकते आणि ती त्याने तिथे ठेवलेली नसते. घरकुलाच्या लाभार्थी यादीतले नाव, मतदार यादीतले वय आणि घर क्रमांक, जुन्या कर्जाची बँकेने छापलेली नोटीस, भाऊबंदकीतल्या दाव्याचा निकाल. यातले काहीही चोरीला गेलेले नाही. सगळे कायद्याने, नियमाने, बहुतेकदा चांगल्या हेतूने जाहीर झालेले आहे. नको असलेली वैयक्तिक माहिती शोधयंत्रातून कशी काढावी, हा प्रश्न निघाला की चर्चा गूगल आणि फेसबुकवर जाते. रायगडमधल्या सामान्य कुटुंबाच्या बाबतीत मात्र या माहितीचा सर्वांत मोठा प्रकाशक सरकारच असते. म्हणून साफसफाईची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

रोजगार हमीच्या संकेतस्थळाचे उदाहरण घ्या. राज्य निवडा, जिल्हा निवडा, तालुका, मग ग्रामपंचायत. जॉबकार्डांची यादी उघडते. एका कार्डावर कुटुंबप्रमुखाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, सामाजिक प्रवर्ग, घरातल्या प्रत्येकाचे वय, कोणी किती दिवस काम केले आणि किती मजुरी मिळाली. हे सगळे अनेक वर्षे कोणत्याही लॉगइनशिवाय दिसत आले आहे. त्यामागे ठोस कारण होते. खोटी हजेरी लावून मजुरी लाटणाऱ्यांना पकडायचे तर मस्टर गावासमोर उघडे हवे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७० च्या दशकातच केला, आणि बोगस हजेरीचा त्रासही या राज्याने तेव्हापासूनच पाहिला. ग्रामसभेत यादी वाचली जाते तेव्हा शेजारीच सांगतो की अमुक माणूस तर दोन वर्षांपूर्वी वारला. ही पारदर्शकता गरिबांच्या बाजूची आहे आणि ती टिकलीच पाहिजे.

परंतु ग्रामसभेत वाचलेली यादी आणि नाव टाकताच जगात कुठेही उघडणारी यादी यांत फार अंतर आहे. पहिल्या यादीत गाव योजनेची तपासणी करते. दुसऱ्या यादीत मुंबईतला घरमालक, नोकरी देणारा, लग्नाचे स्थळ पाहणारा, कर्ज देणाऱ्या अ‍ॅपचा वसुलीवाला एका माणसाची तपासणी करतो. मुलीच्या सासरच्यांना तिचे वडील कोणत्या वर्षी किती दिवस मातीकामावर होते हे कळण्याचे कारण काय? यादी त्यासाठी केलेलीच नव्हती.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. सरकारच्या केवळ चार संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी लोकांचे आधार क्रमांक उघडे पडल्याचा अंदाज त्यात होता आणि त्यासोबत कोट्यवधी बँक खात्यांचे तपशीलही. त्यात रोजगार हमी आणि निवृत्तिवेतन योजनांची संकेतस्थळे होती. म्हणजे मजूर, म्हातारी माणसे, विधवा. कोणी हल्ला करून ती माहिती पळवली नव्हती. ती पानांवर मांडून ठेवलेली होती.

विशेष म्हणजे हे टाळायचे कसे, ते सरकारला ठाऊक आहे. महाराष्ट्राचे महाभूलेख संकेतस्थळ पाहा. सातबारा कोणालाही पाहता येतो, आणि ते योग्यच आहे; जमिनीचा मालक कोण आणि तिच्यावर बोजा काय, हे कळले नाही तर फसवणूक माजेल. पेण तालुक्यात तर ही गरज आता जास्तच आहे. मार्च २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली, आणि तेव्हापासून जमीन शोधणाऱ्यांची वर्दळ वाढती आहे. तरीही महाभूलेखावर जिल्हा, तालुका, गाव निवडावे लागते, गट नंबर किंवा नाव द्यावे लागते, वर पडद्यावरची अक्षरे ओळखून टाकावी लागतात. ही छोटीशी अडचण शोधयंत्राच्या यंत्रमानवाला पार करता येत नाही. त्यामुळे गूगलवर नुसते नाव टाकून कोणाचा सातबारा समोर येत नाही. माहिती खुली आहे, पण तिच्यापर्यंत जाण्यासाठी काहीतरी काम घेऊन जावे लागते. हीच व्यवस्था प्रत्येक लाभार्थी यादीला लावायला कोणता अडथळा आहे? अडथळा नाही, सवय नाही. कार्यालयात यादीची पीडीएफ तयार होते, ‘प्रसिद्ध करा’ असा आदेश असतो, ती संकेतस्थळावर चढते आणि योजना संपल्यावरही कायम राहते. ती किती दिवस ठेवायची, हे आदेशात लिहिलेलेच नसते. २०२४ मधल्या लाडकी बहीण योजनेच्या वेळी राज्यभरात अशा याद्या लागल्या. ग्रामपंचायतीच्या फलकावरची यादी पावसाने फाटली, संकेतस्थळावर चढलेली यादी फाटत नाही.

एके काळी मराठीला एक नकळत संरक्षण होते. जुन्या याद्या आणि वृत्तपत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असत. पीडीएफमध्ये डोळ्याला ‘पाटील’ दिसे, पण यंत्राला निरर्थक रोमन अक्षरे दिसत. स्कॅन केलेले पान तर यंत्रासाठी नुसते चित्र. आता चित्रातली देवनागरी वाचणारी साधने फुकट मिळतात, अगदी फोनच्या कॅमेऱ्यातही आहेत. वीस वर्षांपूर्वीचा जो कागद कोणाच्या शोधात येईल असे चढवणाऱ्याला वाटले नव्हते, तो आज येऊ शकतो.

गूगलकडे दाद मागायची सोय आहे, आणि ती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. एप्रिल २०२२ पासून फोन नंबर, घरचा पत्ता, ईमेल असे वैयक्तिक तपशील शोधनिकालातून काढण्याची विनंती कोणालाही करता येते. बँक खाते, ओळखपत्राचे क्रमांक, सहीचे चित्र यांसाठी ही सोय त्याआधीपासून होती. अर्जात प्रत्येक पानाची लिंक द्यावी लागते, शक्यतो स्क्रीनशॉटसह. पण त्याच धोरणात एक अट आहे: सरकारी किंवा अधिकृत संकेतस्थळावर सार्वजनिक नोंद म्हणून असलेली माहिती गूगल काढत नाही. भूमिका तर्काला धरून आहे. एका खासगी कंपनीने सरकारी नोंद लोकांपासून झाकावी, हे कोणालाच नको. मात्र त्याचा परिणाम असा की घरकुल यादीतल्या बाईला गूगल सरकारकडे पाठवते आणि सरकारी कार्यालयात हा अर्ज घ्यायचा कोणी, हेच ठरलेले नाही. शिवाय निकालातून पान हटले तरी मूळ जागी ते असतेच; दुसऱ्या शोधयंत्रात, दुसऱ्या कोणी उतरवून घेतलेल्या प्रतीत ते पुन्हा भेटते. मूळ पान दुरुस्त झाले तर मात्र शोधनिकालातला जुना मजकूर हटवण्याची विनंती सहज मान्य होते. म्हणजे किल्ली पुन्हा पान चढवणाऱ्याकडेच.

या विषयावरचा जगातला सर्वांत गाजलेला खटलाही सरकारी आदेशाने छापलेल्या नोटिशीतूनच उभा राहिला. १९९८ साली स्पेनच्या ‘ला व्हँग्वार्दिया’ या दैनिकात मारियो कोस्तेहा गोन्झालेझ यांच्या मालमत्तेच्या लिलावाच्या दोन छोट्या नोटिसा आल्या. सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करायची होती. पुढे ते प्रकरण मिटले. पण दैनिकाचे जुने अंक इंटरनेटवर आले आणि दहा-बारा वर्षांनंतरही त्यांचे नाव टाकले की पहिल्यांदा तो लिलावच दिसे. १३ मे २०१४ रोजी युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने निकाल दिला: दैनिकातला मजकूर कायदेशीर होता, तो राहू द्या, पण नावाने शोधल्यावर तो दाखवू नका, कारण त्याची आता गरज उरलेली नाही. या निकालाचे शहाणपण इथेच आहे. न्यायालयाने कागद जाळायला सांगितला नाही. त्या कागदाकडे नेणारी एक वाट तेवढी बंद केली.

आपल्याकडे अशा नोटिसा रोज छापल्या जातात. सरफेसी कायद्याखालच्या नियमांनुसार बँकेने गहाण मालमत्तेचा ताबा घेतला की तशी नोटीस दोन वृत्तपत्रांत द्यावी लागते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. म्हणून मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर कर्जदाराचे, जामीनदाराचे नाव, पत्ता, थकीत रक्कम आणि घराच्या चतुःसीमा येतात. मालमत्ता विकत घेऊ पाहणाऱ्याला सावध करण्यासाठी हे आवश्यक आहे. पण दोन वर्षांनी कर्ज फिटले, तर फिटल्याची नोटीस छापा असे कोणताही नियम म्हणत नाही. ई-पेपरच्या संग्रहात थकबाकीदार तसाच राहतो. जामीनदाराची गत आणखी वाईट. त्याने तर पैसे घेतलेलेही नसतात.

इथे वृत्तपत्रांनीही स्वतःकडे पाहायला हवे. तालुक्याच्या बातमीत पोलिसांनी दिलेल्या पत्रकावरून आरोपीचे नाव, गाव, वय छापले जाते. चार वर्षांनी तो निर्दोष सुटतो तेव्हा पत्रक येत नाही आणि बातमीही होत नाही. अमेरिकेतल्या ‘बॉस्टन ग्लोब’ने जानेवारी २०२१ मध्ये ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. किरकोळ प्रकरणांत नाव आलेल्या माणसाने अर्ज केला की संपादकांची समिती तो तपासते. जुन्या बातमीत पुढची घडामोड जोडते, नाव वगळते किंवा बातमी शोधयंत्राला दिसणार नाही असे करते. मराठी दैनिकांना हे करायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. निकालाची प्रत आणली तर बातमीच्या डोक्यावर ‘या प्रकरणात संबंधित व्यक्ती निर्दोष मुक्त’ अशी एक ओळ घालता येते.

ही एक ओळ किती मोलाची असते, ते मालेगाव सांगते. २००६ च्या स्फोटांच्या प्रकरणात पकडलेल्या नऊ मुसलमान पुरुषांची नावे देशभर छापली गेली. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोपर्यंत त्यांतला एक जण हयातही नव्हता. असे प्रकरण इंटरनेटवरून पुसले जाऊ नये. तपास कसा चुकतो याची ती नोंद आहे. पण त्या माणसांचे नाव शोधल्यावर अटकेआधी मुक्तता दिसली पाहिजे. युरोपीय महासंघाच्या त्याच न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१९ च्या निकालात नेमके हेच सांगितले: फौजदारी खटल्याची जुनी माहिती ठेवायची असेल, तर निकालांचा क्रम असा लावा की माणसाची आजची कायदेशीर स्थिती आधी कळेल. नुसते पुसण्यापेक्षा हा विचार अधिक न्याय्य आहे.

पुसण्याचा हक्क सरसकट दिला तर काय होईल, हे समजायला पेणच्या लोकांना परदेशात जावे लागत नाही. पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले आणि बोगस कर्जखात्यांचा शेकडो कोटींचा घोटाळा उघडा पडला. निवृत्त शिक्षक, छोटे व्यापारी, मूर्तिकार, शेतीच्या पैशावर म्हातारपण काढणारे, सगळ्यांच्या ठेवी अडकल्या. ठेवीदारांनी संघर्ष समिती करून वर्षानुवर्षे मोर्चे काढले, कोर्टकचेऱ्या केल्या. या लढ्यात जुनी बातमी, जुना आदेश, कोण कोणत्या पदावर होते याची नोंद हेच त्यांचे हत्यार. लोकांच्या पैशावर अधिकार चालवणाऱ्याने उद्या ‘मला विसरा’ असा अर्ज केला तर तो फेटाळलाच पाहिजे. याउलट ठेवीदार हक्काचे पैसे मागतो म्हणून त्याचे नाव, पत्ता आणि शिल्लक यादीत लागते. त्याला ते झाकायचा हक्क हवा. एकाच घोटाळ्यातल्या दोन नावांना दोन वेगळे न्याय लागतात, आणि फरक ठरतो तो सत्ता कोणाकडे होती यावर.

भारतीय न्यायालये अजून चाचपडत आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात विसरले जाण्याच्या हक्काची चर्चा केली, पण अभिव्यक्ती, सार्वजनिक हित, इतिहास आणि संशोधन यांपुढे तो थांबतो असेही नोंदवले. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमली पदार्थांच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका अमेरिकी नागरिकाचा निकाल शोधयंत्रात दिसू नये, असा अंतरिम आदेश दिला. नाव शोधले की खटला दिसे आणि नोकरी मिळत नसे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशीच मागणी नाकारली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निर्दोष सुटलेल्या माणसाच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. उच्च न्यायालयात वकील लावण्याची ऐपत असलेल्याचा हा हक्क आहे, तोही राज्य पाहून.

जिथे कायदा स्पष्ट असतो तिथे काम वेगाने होते. संमतीशिवाय पसरवलेल्या खासगी छायाचित्रांबाबत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार आल्यापासून २४ तासांत मजकूर हटवण्याचे बंधन घातले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये शोधयंत्रांनाही त्यातून सुटका नाही असे बजावले. १९३० क्रमांकाचा सायबर फसवणुकीचा फोन गावोगाव माहीत झाला. केंद्राच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शाळेतल्या मुलीला हे ठाऊक असले तर ती घाबरून गप्प बसणार नाही.

उरला तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा. त्याच्या १२ व्या कलमात माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. वाचायला आश्वासक. पण तो हक्क संमतीने किंवा स्वेच्छेने दिलेल्या माहितीपुरता आहे. अनुदान, दाखला, योजनेचा लाभ यांसाठी सरकार जी माहिती हाताळते, ती संमतीच्या बाहेरच्या वेगळ्या खान्यात टाकलेली आहे. शिवाय कायद्याच्या बंधनामुळे जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. घरकुलाची यादी, बँकेची ताबा नोटीस, दोन्ही निसटतात. पॅरिस किंवा बर्लिनमध्ये नोकरी करणारा पेणचा मुलगा तिथल्या कायद्याने गूगलला आपले नाव जुन्या पानापासून तोडायला लावू शकतो. पेणमध्ये राहणाऱ्या त्याच्या आईला तो हक्क नाही. तिची माहिती अधिक नाजूक असूनही नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. म्हणजे मे २०२७. तोवर महाराष्ट्र सरकारने एक शासन निर्णय काढावा. कोणतीही लाभार्थी यादी संकेतस्थळावर टाकताना ती शोधयंत्रांना बंद ठेवावी आणि गाव निवडल्यावरच उघडावी. आधार, मोबाइल, बँक खाते यांचा एकही पूर्ण आकडा त्यात नसावा. यादी कधी उतरवायची ती तारीख आदेशातच असावी, आणि मूळ प्रत ग्रामपंचायतीत तपासणीसाठी कायम राहावी. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक आपले सरकार सेवा केंद्रात जातात; तिथेच माहिती हटवण्याचा मराठी अर्ज मिळावा, त्याची पोच मिळावी आणि तो ज्या कार्यालयाने पान चढवले त्याच्याकडे ठरलेल्या दिवसांत जावा. रायगड जिल्हा परिषदेला तर या शासन निर्णयासाठीही थांबायची गरज नाही. तिच्या स्वतःच्या आणि पंचायत समित्यांच्या संकेतस्थळांवर कोणत्या वर्षाच्या कोणत्या याद्या अजून पडून आहेत, हे पाहायला एका तंत्रज्ञाचे काही दिवस पुरतील.